खापरे सर

खापरे सरांचं खरं आडनाव खापरे नाही. पेन्शनच्या पासबुकावर, मतदार यादीत आणि स्वतःच्या लग्नपत्रिकेत ते अगदी वेगळं, चांगलं वजनदार आडनाव आहे. पण माणसाच्या खिशात बारमाही फुटक्या मडक्याचे तुकडे खुळखुळत असले तर गाव दुसरं काय म्हणणार? एकदा तालुक्याला नव्यानं आलेल्या साहेबांनी कसल्याशा कार्यक्रमाचं निमंत्रण 'श्री. खापरे' याच नावानं धाडलं. सरांनी ते फ्रेम करून बैठकीत लावलं. "आता शासनदरबारी नोंद झाली," म्हणाले.

आमच्या नांदेड-लातूरकडं इतिहासाचं वेड लागलेली माणसं दोन जातींची. एक जात मोबाइलवर सकाळ-संध्याकाळ तलवारी उपसते. तिची संख्या मोठी आहे आणि तिच्याशी वाद घालू नये. दुसऱ्या जातीत खापरे सर. त्यांना तलवारीचं कौतुक नाही. उद्या खरीच तलवार सापडली तर "लोखंड आहे, नीट बाजूला ठेवा" म्हणतील आणि तिच्याखालच्या मातीत राख लागते का ते बघतील. राख, कोळसा, शेळीच्या हाडाचा तुकडा, काचेच्या बांगडीचं अर्धं वेटोळं असलं काही हाताला लागलं की सरांचा चेहरा मुलाला सरकारी नोकरी लागलेल्या बापासारखा होतो. 2021 साली रायगडाच्या उत्खननात सोन्याची बांगडी सापडली, तेव्हा सगळा महाराष्ट्र बांगडीचा फोटो पुढं पाठवत होता. सर मात्र चष्मा कपाळावर चढवून बातमीतल्या शेवटच्या ओळी वाचत होते. "कौलं निघालीत. खिळे निघालेत. त्याचं कुणालाच काही नाही!"

आमच्याकडं जिल्हा परिषदेचा गुरुजी निवृत्त झाला की त्याच्यापुढं ठरलेल्या वाटा असतात. नांदेडला प्लॉट घ्यायचा, सप्त्यात वीणा धरायची किंवा बांधाच्या कोर्टकेसला पूर्णवेळ वाहून घ्यायचं. सरांना निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. दुसऱ्या दिवशी ते हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि गवंड्याची सगळ्यात लहान थापी घेऊन आले. ती कानशीनं घासून घासून तिला धार आणली. तेव्हापासून ही थापी शर्टाच्या खिशात पेनाशेजारी असते. पेन विसरतील, थापी नाही.

सर चालताना समोर बघत नाहीत, जमिनीकडं बघतात. त्यामुळं अर्ध्या गावाला ते गर्विष्ठ वाटतात आणि उरलेल्या अर्ध्याला त्यांचं काहीतरी हरवलंय असं वाटतं. कुठं पाण्याच्या पाइपलाइनीचं, शौचालयाचं किंवा मोबाइल टॉवरचं खोदकाम निघालं की सर हजर. जेसीबी बघायला आमच्याकडं गर्दी तशीही जमतेच. पण बाकीचे यंत्र बघतात आणि सर खड्डा बघतात. लग्नाला गेले तर अक्षता पडेपर्यंत मांडवाच्या मेढीसाठी उकरलेल्या मातीत बोटं घालून बसतात. आमच्या भागात लिंगायत समाज मोठा, त्यांच्यात माणसाला बसवून समाधी देतात, आणि त्यासाठी खड्डा चांगला खोल लागतो. अशा वेळी मंडळी रडत असतात आणि सर खड्ड्याच्या काठावर ओणवे होऊन थर मोजत असतात. वर काळी, मग चुनखड, मग मुरूम. एकदा इतके वाकले की दोघांनी धावत येऊन त्यांना दंडाला धरलं. "सर, सावरा. फार जीव होता का तुमचा त्यांच्यावर?" सरांनी डोळे पुसले. डोळ्यांत माती गेली होती.

घरी काकूंचा संसार उरलेल्या जागेत चालतो. कपाटं, पलंगाखालची बाजू, शिलाई मशीनचा खण, सगळीकडं बुटांची खोकी आणि खोक्यांत खापरं. प्रत्येकाला लग्नपत्रिकेच्या पाकिटाचा तुकडा चिकटवून त्यावर गाव, गट नंबर, तारीख. "लोकाच्या घरात फुटकं भांडं ठेवत नाहीत, अवदसा येते म्हनतात," काकू सांगतात, "आमच्यात धड भांड्याला जागा नाही." मात्र काकूंनीही आपल्यापुरता उपयोग काढलाय. तुळशीच्या कुंडीतलं पाणी साचू नये म्हणून तळाशी खापरं घालावी लागतात, ती त्या सरांच्या खोक्यांतूनच घेतात. आमच्या ओळखीत सातवाहनकालीन निचरा असलेली तुळस ही एकच.

सरांचा एक दोष आहे आणि तो सांगितल्याशिवाय हे चित्र पुरं होणार नाही. त्यांना प्रत्येक गोष्ट राष्ट्रकूट वाटते. गावच्या वेशीतला दगड राष्ट्रकूट, बारवेची पायरी राष्ट्रकूट, एकदा तर जुन्या पिठाच्या गिरणीचं पातं राष्ट्रकूट. याला कारणही आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत आणि ते लट्टलूर म्हणजे आपलं लातूर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुढं दहाव्या शतकात तिसरा कृष्ण गादीवर आला, त्याच्या काळाशी नांदेड जिल्ह्यातल्या कंधारचं नाव जोडलेलं. तिथला शिलालेख, तिथला जगत्तुंग तलाव, शेजारच्या मानसपुरीला पडलेले महाकाय क्षेत्रपालाच्या मूर्तीचे अवयव. नुसतं पाऊल बघून माणूस टोपी सांभाळत वर बघायला लागतो. वर काहीच नसतं. नांदेडला विभागीय आयुक्तालय हवं की लातूरला, या भांडणात दोन्ही जिल्ह्यांनी मोर्चे काढले, बंद पाळले. सरांनी मात्र दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना पत्र लिहून हा प्रश्न हजार वर्षांपूर्वीच सुटला असल्याचं कळवलं. मूळ गाव लातूर, कारभार कंधार. तोच पायंडा पुढं चालू ठेवावा. दोन्हीकडून उत्तर आलं नाही. सरांच्या मते हा दोन्ही जिल्ह्यांत झालेला पहिला एकमताचा निर्णय.

कंधारवर त्यांचा विशेष जीव. भुईकोट किल्ला, भोवती रुंद खंदक, आणि खंदकात पाणी! ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या लातूरच्या पाहुण्यांना सर हा खंदक मुद्दाम दाखवतात, जरा जास्तच वेळ दाखवतात. कंधारच्या नावानं मात्र त्यांना छळलं. 1999 च्या डिसेंबरात काठमांडूहून निघालेलं आपलं विमान अतिरेक्यांनी कंदाहारला नेऊन उतरवलं, तेव्हा सरांच्या सोलापूरकडच्या मेव्हण्यांनी रात्री फोन केला, "भाऊजी, तुमच्याकडं विमान उतरलंय म्हणं! सगळे सुखरूप हाव ना?" सरांनी फोनवरच त्यांना अफगाणिस्तान, दख्खन, निजामशाही आणि 1631 साली मोगलांनी घेतलेला हा किल्ला, एवढं सगळं समजावलं. मोगल दरबारचे लेखकसुद्धा घोळ नको म्हणून याला दख्खनचं कंधार म्हणत, हेही सांगितलं. पलीकडून बराच वेळ आवाज नव्हता. मग मेव्हणे म्हणाले, "बरं, पन विमानातल्या लोकांच्या चहापान्याचं कोन बघायलंय?"

2025 च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे 12 किल्ले गेले, 11 आपल्या राज्यातले आणि 1 तमिळनाडूतला जिंजी. मराठवाड्यातला एकही नाही. सर दोन दिवस जेवले नाहीत असं ते सांगतात. काकू सांगतात, दोनदाच जेवले. "डोंगरावर किल्ला बांधायला काय लागतं?" सर तावातावानं म्हणतात. "अर्धा देवानंच बांधलेला असतो. औशाचा बघा! सपाटीवर आहे, वर खोलगट जागेत. जवळ जाईपर्यंत किल्ला आहे हेच कळत नाही. शत्रू शेजारून निघून जायचा!" आज पर्यटकही तसेच निघून जातात, पण हे सरांपुढं बोलायची सोय नाही. उदगीर म्हटलं की ते 3 फेब्रुवारी 1760 वर येतात. सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथं असं लोळवलं की साठ लाखांचा मुलूख आणि वर दौलताबाद सोडून द्यावं लागलं. "आणि लोकांना आठवतं काय? वर्षभरानं झालेलं पानिपत! जिंकलो तिथं कुणी जात नाही, हरलो तिथं बस भरून जातात." यातलं शेवटचं वाक्य मी मनोमन मान्य केलंय.

आता मूळ दुखणं सांगतो. सरांचा पुण्यातला मुलगा एका दिवाळीत घरी आला आणि त्यानं मोबाइलवर त्यांना 'टाइम टीम' नावाचा विलायती कार्यक्रम लावून दिला. 1994 पासून वीस वर्षं तिकडच्या टीव्हीवर चाललेला. तीन दिवसांत एखादा पडका किल्ला किंवा गाव उकरायचं आणि काय निघालं ते बघायचं. सरांनी त्यात जे पाहिलं त्यानं त्यांची झोप उडाली. किल्ल्याच्या हिरवळीवर साठी-सत्तरीची माणसं गुडघ्याखाली उशी घेऊन बसली आहेत. कुणी पेन्शनर पोस्टमास्तर, कुणी नर्स. प्रत्येकाच्या हातात थापी, अगदी सरांच्यासारखी! शिकलेले तज्ज्ञ मधून फिरतात, वाकून बघतात, "छान!" म्हणतात. आणि अकरा वाजता सगळ्यांना चहा. "बघ," सर काकूंना म्हणाले, "तिथं म्हाताऱ्याला किल्ल्यात खड्डा खणू देतात आणि वर चहा देतात. इथं स्वतःच्या अंगणात खणलं तर तू ओरडतेस."

सर लगोलग अर्ज घेऊन पुरातत्त्व खात्याच्या कचेरीत गेले. तिथं त्यांना भेटल्या खात्याच्या एक तरुण मॅडम. त्यांनी अर्ज नीट वाचला, सरांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की संरक्षित किल्ल्यात परवान्याशिवाय कुदळ मारता येत नाही, आणि परवाना विद्यापीठं, खाती, संस्था यांना मिळतो. माणसाला छंद म्हणून मिळत नाही. "सर, खणलेली जागा परत न खणल्यासारखी करता येत नाही. तुमची नोंद चुकली तर पुढच्यानं कुठं जाऊन बघायचं?" सर निरुत्तर झाले. हे वाक्य ते पुढं स्वतःचं म्हणून वापरतात. "साफसफाईला मात्र हरकत नाही," मॅडम म्हणाल्या. "आमच्या देखरेखीत गवत काढा, भिंतीवरची पिंपळाची रोपं काढा, प्लॅस्टिक गोळा करा. फार उपकार होतील."

सरांनी यातला 'गवत काढा' एवढा भाग लक्षात ठेवला.

त्यानंतर एका किल्ल्यात (कोणत्या ते लिहीत नाही, तिथल्या पहारेकऱ्याला अजून नोकरी करायची आहे) दर रविवारी श्रमदान सुरू झालं. आमच्या सोसायटीचे निवृत्त सचिव, दोन हॉटेलवाले, बचत गटाच्या बायका आणि शहरातल्या क्लासची पोरं. लातूर पॅटर्नची पोरं ती; पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, हे परीक्षेला येतं का?" सरांना पोरं टिकवायची होती, म्हणून त्यांनी खापरांचेच प्रश्न काढले. पुढील खापराचा रंग ओळखा: काळा, तांबडा, काळा-तांबडा, वरीलपैकी सर्व. पोरं ऋण गुणांचं काय म्हणून विचारायला लागली.

कामात सगळ्यात सरस निघाल्या बचत गटाच्या बायका. जन्मभर सोयाबीन नि तूर खुरपलेला हात. रोप कुठलं, तण कुठलं हे बोटालाच कळतं. पुरातत्त्व खात्याचे तेव्हाचे प्रमुख व्हीलरसाहेब, त्यांनी 1944 साली तक्षशिलेला शाळा भरवून हिंदी पोरांना शास्त्रशुद्ध खणणं शिकवलं. त्या शाळेत आमच्या एका मावशीला बसवलं असतं तर साहेबांनी टोपी काढली असती, असं सरांचं मत आहे. सर म्हणजे मधे उभं राहून सूचना. "खणू नका, खरवडा! ओढू नका, उचला! पायाखाली बघा, तुम्ही बहामनी काळावर उभ्या आहात!" मावशी घाबरून बाजूला सरकायच्या. "आता निजामशाहीवर गेलात!"

गवत निघत होतं. गवताची मुळं, सरांच्या म्हणण्याप्रमाणं, फार खोल गेली होती. एका रविवारी पहारेकरी फिरत फिरत आला. सर कमरेएवढ्या खड्ड्यात.

"सर, काय करायलाव?"

"गवत काढतोय."

"गवत कमरंएवढं झालतं म्हनून काढायलाव, का काढता काढता तुमीच कमरंएवढे आत गेलाव?"

सर मुकाट्यानं वर आले. खड्डा बुजवला आणि वर गवत लावलं. पुढच्या रविवारी पहारेकऱ्यानं तेवढंच गवत त्यांच्याकडून पुन्हा काढून घेतलं.

मग सरांचं लक्ष गढ्यांकडं वळलं. संरक्षित नाही, कागदावर कुणा देशमुखांच्या मालकीची, आणि देशमुख मुंबईला. अशी गढी आमच्याकडं दर दोन-चार गावांमागं एक. ही गढी म्हणजे पांढऱ्या मातीचा डोंगर. पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहिली, राख टाकली, भिंती पाडल्या, वर नव्या बांधल्या, त्याचं झालेलं टेकाड. आमच्याकडच्या माळवदावर हीच पांढरी घालायची रीत. दर उन्हाळ्यात, पाऊस पडायच्या आत, लोक गढी उकरून टोपल्या भरून माती नेत आणि घरावर पसरून चोपत. म्हणजे आमच्या गावानं पुरातत्त्वीय उत्खनन शे-दोनशे वर्षं चालवलंय, फक्त अहवाल दिलेला नाही. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात हेच जड माळवद माणसांच्या अंगावर आलं, तेव्हापासून लोकांनी धास्तीनं पत्रे घातले, स्लॅब टाकले. जी थोडी माळवदं उरलीत त्यांच्यावर सरांचा डोळा. मातीत खापरं असणारच! एका मे महिन्यात भर दुपारी सर शिडी लावून एका माळवदावर चढले. घरच्या बायका खाली निजल्या होत्या. माळवदावर कुरडया वाळत घातल्या होत्या. सर खाली बघत चालतात हे मी सांगितलंच. पण त्यांना खापर दिसतं, कुरडई दिसत नाही. पुढं जे झालं ते सांगत नाही. इतकंच, की सरांना एक काळं, चकचकीत, काठाचं खापर मिळालं आणि काकूंना त्या घरी भरपाई म्हणून पायलीभर गव्हाच्या कुरडया घालून द्याव्या लागल्या.

या सगळ्यात सरांचं दैवत एकच : तेरचे रामलिंगप्पा लामतुरे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला पावसाळ्यात पांढरीतून वाहून येणारी चित्रं, मणी, नाणी या व्यापारी माणसानं आयुष्यभर गोळा केली. आज त्यांच्याच नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय तिथं उभं आहे. तेरची हस्तिदंती बाहुली आणि इटलीत पॉम्पेईच्या राखेत 1938 साली सापडलेली बाहुली, दोघी बहिणी शोभाव्यात अशा. सर वर्षातून एकदा तेरला जातातच. लोकांना वाटतं, गोरोबाकाकांच्या दर्शनाला. सर म्हणतात, "तेच की! संत कुंभार होता."

गढीवर सरांनी काम काढलं तेव्हा देशमुखांची फोनवर परवानगी घेतली, ढासळलेल्या बुरुजाची माती उपसून वाट मोकळी करायची असं ठरलं. रविवार होता. त्या रविवारी अमावास्याही होती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ऊन फार, म्हणून काम दुपारनंतर सुरू केलं आणि दिवेलागणीपर्यंत लांबलं. आमच्याकडं गढी, अमावास्या आणि कुदळ या तीन गोष्टी एकत्र आल्या की त्याला गुप्तधन म्हणतात. कुणीतरी फोन लावला असणार. जीप आली.

जमादारांनी साहित्य बघितलं. चौकोन आखायला लाल दोरा. चार खुंट्या. सरबतासाठी आणलेली दीड डझन लिंबं. काम सुरू करताना फोडलेला नारळ. टिकाव, घमेलं, चाळणी. आणि पिशवीत गुंडाळलेलं हाड, ते सरांनी दुपारीच वेगळं काढलं होतं. जमादार अनुभवी माणूस. एकेक वस्तू बघत त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमच्यात पायाळू कोन हाय?"

आणि आमच्यातलं एक क्लासचं पोरगं, वर्गात कधी बोट वर न करणारं, अभिमानानं म्हणालं, "मी!"

पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं, असं आमच्याकडं मानतात, हे त्या पोराला ठाऊक नव्हतं. सगळेच ठाण्यात.

ठाण्यात सरांनी घाबरायचं सोडून कायदा शिकवायला घेतला. 1878 चा भारतीय निखात निधी अधिनियम. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवलं पाहिजे. इंग्रजांच्या काळातला आकडा. जमादार शिपायाला पंचनामा सांगत होते, "फुटक्या मडक्याचे तुकडे नग 14, काचेच्या बांगडीचा तुकडा नग 1, हाड नग 1. एकूण किंमत शून्य."

"शून्य?" सर खुर्चीतून उठले. "अहो, हे बघा, हा काठ बघा! अमूल्य लिहा!"

जमादारांनी पेन थांबवलं. "सर, तुमीच आत्ता सांगितलं. दहा रुपयांच्या वर गेलं तर गुन्हा. शून्य लिहिलं तर सह्या करून घरी जा. अमूल्य लिहिलं तर बसा."

हयातभर पोरांना गुण देत आलेल्या सरांवर अशी वेळ आली नव्हती. शून्य म्हणवेना आणि अमूल्य परवडेना. बाहेर काकू रिक्षा घेऊन उभ्या. पोरांच्या आयांचे फोनवर फोन. सर खापराकडं बघत राहिले, मग जमादारांकडं बघितलं आणि मास्तरी आवाजात म्हणाले, "नऊ रुपये लिहा."

पंचनाम्यात नऊ रुपये लागले. त्याची झेरॉक्स सरांनी मागून घेतलीय. मराठवाड्यातल्या खापराला सरकारी कागदावर मिळालेला हा सगळ्यात चढा भाव, असं ते सांगतात.

यानंतर एखादा माणूस थांबला असता. सर महिनाभरानं, टळटळीत सकाळी, पंचांग बघून, पोलिसपाटलांना सोबत घेऊन पुन्हा गढीवर गेले आणि तिथं त्यांना आयुष्यातला सगळ्यात मोठा शोध लागला. ढासळलेल्या कडेला उभा छेद दिसत होता. त्यात वरच्या थरात पातळ, झिलईची, सातवाहन काळाला शोभतील अशी खापरं. आणि त्यांच्या खाली, चांगलं हातभर खाली, चारमिनारची छाप असलेलं निजामाचं नाणं.

पुरातत्त्वाचा पहिला धडाच हा, की खालचं जुनं आणि वरचं नवं. सर तीन रात्री झोपले नाहीत. एक तर सातवाहन निजामाच्या नंतर होऊन गेले, किंवा निजाम ख्रिस्तपूर्व होता. दोन्ही शक्यता पेलण्याइतकं त्यांचं पेन्शन नाही. सरांनी तिसरी बाजू मांडणारा टाचणबद्ध निबंध लिहिला. त्यात पूर, भूकंप, उंदरांची बिळं आणि मलिक अंबर अशी चार कारणं होती. मला वाचून दाखवला. मलिक अंबर कुठून आला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

निबंध खात्याकडं धाडायच्या आदल्या दिवशी सर शेवटचा फोटो काढायला गढीवर गेले. बाजूच्या बांधावर एक म्हातारी शेळ्या घेऊन बसलेली. नव्वदीच्या घरातली, पण नजर घारीची.

"काय बगायलास रं मास्तर कवाधरनं?"

सरांनी तिला थर दाखवले. हे खालचं, हे वरचं. आजीनं काठी टेकत टेकत येऊन छेद नीट बघितला, हातानं माती चुरली आणि म्हणाली, "ही माती तर आमीच टाकली की."

"कधी?"

"बहात्तरच्या दुष्काळात. रोडाचं काम निगालं. हितली माती खनून भरावाला न्यायची. वरली वरली ह्या अंगाला टाकली, मग खालची निगाली ती तिच्यावर टाकली. त्येला राडा लागला म्हनून पुना सोडून दिली. वरलं खाली नि खालचं वर आमीच केलं, बाबा."

सर मटकन खाली बसले. मी पुढच्या ओळीत त्यांचा विरस झाला असं लिहिणार होतो, कारण माझा झाला होता. निबंध गेला, मलिक अंबर गेला. पण सरांनी वही काढली. "आजी, किती बायका होत्या कामावर? टोपलं कशाचं होतं? खायला काय देत होते?" आजी सांगत गेली. सुकडी होती. मिलोची लाल भाकर, ती गिळायची नाही. कामावरच एक बाई बाळंत झाली, त्या तिथं, लिंबाखाली. पोरगं जगलं, आता नांदेडला रिक्षा चालवतंय. टोपलं तुरकाट्यांचं. नाणं कुणाचं ते नाही सांगता येत, पण कनवटीचं पडलं असंल; निजामाचे पैसे बायकांनी लई दिवस आठवण म्हणून बांधून ठेवले होते. सर दुपार टळेपर्यंत लिहीत होते. शेळ्यांनी दोरा खाल्ला.

"अजून एक लिही," आजी उठता उठता म्हणाली. "शेवटच्या पंदरवड्याची हजेरी मुकादमानं बुडीवली. म्या, माजी जाऊ नि शेजारच्या दोगी. लिहिलंस?"

"लिहिलं."

"वाचून दाव."

सरांनी वाचून दाखवलं. खात्याला गेलेल्या अहवालात ते तसंच आहे, मी स्वतः बघितलंय. थर क्रमांक 1, बाभळीची मुळं व प्लॅस्टिक. थर क्रमांक 2, उलटापालट झालेली माती, दुष्काळी काम, इ.स. 1972, चार बायकांची एका पंधरवड्याची मजुरी बाकी. खात्यानं अहवाल मिळाल्याची पोच दिली, थरांची नोंद उपयुक्त असल्याचं कळवलं, आणि मजुरीच्या बाबतीत संबंधित महसूल यंत्रणेशी संपर्क साधावा, असं खाली लिहिलं. तेव्हापासून सर दर सोमवारी अकरा वाजता तहसीलला असतात. पुरावा म्हणून चारमिनारचं नाणं दाखवतात. अव्वल कारकुनानं परवा विचारलं की मजुरीचं व्याज 1972 पासून धरायचं का. सरांनी ते निजामी नाण्यात हवं, असं सांगितलंय.